पडदा भिजत ठेवलाय

“दादानं गाडी दरीत घातली, की गाडी दरीत गेली?”

हा प्रश्न मी पोलिसाला विचारला. तो म्हणाला, धुकं होतं. आत्याला विचारला. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. आईला एकदाच विचारला. ती चुलीपुढून उठली आणि परड्यात जाऊन उभी राहिली.



पठारावरच्या मठातले गिरीबाबा चातुर्मास संपवून परत आले, असं कळलं. दादा, म्हणजे अमृत, त्यांचाच शिष्य. त्यांच्याच मठातून तो निघाला आणि घाटाच्या वळणावर गेला. मी भिंतीवरचा त्याचा फोटो काढला, शर्टात खुपसला आणि भांडायला वर गेलो.

मठात जायला रस्ता आहे, पण विजेच्या तारा नाहीत. बाबांनी तिथं स्वतःची बॅटरी जुळवली होती. दोन मोठ्या टाक्या, दोन पंप आणि मध्ये एक पेटी. दिवसा छपरावरचं ऊन त्यात साठायचं. अंधार पडला की तेच ऊन दिव्यांतून परत यायचं. दादा त्या पेटीसाठीच मठात राहायचा. आई म्हणायची, एक पोरगा देवाला दिला. दादा म्हणायचा, देवाला नाही गं, बॅटरीला.

बॅटरीच्या खोलीचं दार मी लाथेने उघडलं. आत गेलो आणि आतून कडी लावली. कुणी मध्ये पडू नये म्हणून.

बाबा डब्यावर बसून रबराची नळी धूत होते. त्यांनी मान वर केली.

“भैऱ्या. ये. चहा घेतोस?”

“चहा प्यायला नाही आलो.”

“मग कडी कशाला? भांडण दार उघडं ठेवूनही होतं.”

मी उभाच राहिलो.

“दादाच्या दहाव्यापर्यंतसुद्धा थांबला नाहीत तुम्ही. अग्नी दिला आणि दुसऱ्या दिवशी चातुर्मासाला निघून गेलात.”

“गेलो.”

“का?”

“थांबलो असतो तर रडलो असतो, आणि ही भगवी उतरवावी लागली असती…”

ते नळी धूत राहिले. नळी कधीच स्वच्छ झाली होती.

मग मी विचारलं. गाडी घातली, की गेली?

बाबांचे हात थांबले.

“घातली, असं कोण म्हणतं?”

“सगळं गाव म्हणतं. तुमचे दौलतराव कारभारी म्हणाले, त्यांच्यापासून सुरू झालं.”

“काय म्हणाले दौलतराव?”

मी शर्टातून फोटो काढला. काचेमागचा पुठ्ठा ओढून काढला आणि त्याच्या आत ठेवलेला तो पडदा बाहेर काढला.

पडदा म्हणजे कापड नव्हे. प्लास्टिकसारखा, आरपार दिसणारा, जरा पिवळसर तुकडा. कडेने बोल्टांसाठी भोकं पाडलेली. बॅटरीच्या पेटीत अशा चौकटी एकामागे एक बसवलेल्या असतात आणि प्रत्येक चौकटीत एक पडदा. त्यातला एक फाटला होता. त्याच्या जागी बसवायला दादाने हा कापला होता. जाण्याआधीचं त्याचं शेवटचं काम.

मी तो बाबांपुढे फेकला. तो फरशीवर वाळल्या पानासारखा वाजला.

“हे म्हणाले. अमृतानं पडदा आखूड कापला. बाबांनी जपून ठेवलेला एकुलता एक तुकडा वाया घालवला. तोंड दाखवायला जागा राहिली नाही म्हणून भरधाव खाली सुटला… आणि पुढचं पुढं.”

बाबांनी पडदा उचलला. उजेडात धरला. वाकवायला गेले तर तो कडकडला. लगेच हात थांबवला.

“हा इतका कोरडा कसा झाला?”

“मी वाळवला.”

“तू?”

“दादाचं सामान न्यायला वर आलो होतो. हा टबात पाण्यात पडलेला. म्हटलं, कुजून जाईल. मऊ धोतराच्या फडक्यानं पुसला. उन्हात नाही घातला, सावलीत वाळवला. त्याच्या हातची शेवटची वस्तू. फोटोमागं ठेवला, रोज हार घातला.”

बाबा माझ्याकडे बघत राहिले.

“चांगला पुसलास,” ते म्हणाले.

“मग काय, तसाच कुजत सोडू?”

“नाही. तू पुसणारच.”

मला राग आला. कौतुक करतात की टोमणा मारतात, कळेना.

“लावून बघा चौकटीला,” मी म्हणालो. “घरी नेण्याआधी दौलतरावांनी माझ्यासमोर लावला होता. तुम्हीही बघा. खोटं असेल तर खोटं म्हणा.”

बाबांनी रिकामी चौकट आडवी ठेवली आणि त्यावर पडदा पसरला.

सगळीकडून बोटभर आखूड. एक भोक बोल्टाला लावलं की दुसरं सरकायचं. दुसरं लावलं की तिसरं.

“जुळतात का?” मी विचारलं.

“नाही जुळत.”

“म्हणजे चुकलं त्याचं.”

“विस्तव पेटव.”

“काय?”

“तिकडे चूल आहे. पाणी तापवायचंय. नळाचं नको, त्या पांढऱ्या कॅनमधलं घे. बॅटरीत घालतात ते.”

“मी काय विचारतोय आणि तुम्ही…”

“हात रिकामे असले की तू फार बोलतोस. अमृत सांगायचा.”

मी चूल पेटवली. लाकडं ओली होती. फुंकून फुंकून डोळ्यांत धूर गेला.   डोळे मात्र कोरडेच. दादा गेल्यापासून ते असेच होते. गावातली माणसं म्हणायची, धीराचा आहे पोरगा. आई म्हणायची, एकदा रडून घे रे. मी तिच्यावर ओरडायचो.

पाणी तापेपर्यंत मी टाक्यांकडे बघत बसलो. एकीत निळं पाणी, दुसरीत हिरवं. दादा सांगायचा, भरलेली असली की एक पिवळी दिसते, एक जांभळी. बघायला ये म्हणून किती वेळा बोलवायचा. पंक्चरचं दुकान सोडून मला जमलं नव्हतं.

“ही दोन पाणी पेटीत एकमेकांना भेटतात?” मी विचारलं. रागातच विचारलं.

“शेजारून जातात. मध्ये पडदा.”

“म्हणजे अडवतो तो.”

“अडवतो.”

“मग जाड पत्राच घाला की. फाटायची भानगड नाही.”

“पत्रा घातला तर दिवा लागत नाही.”

“मग काढून टाका.”

“काढला तर दोन्ही पाणी एक होतं. तेव्हाही दिवा लागत नाही.”

मी चुलीत लाकूड सारलं.

“मग तो अडवतो का सोडतो, एक काय ते सांगा.”

“रंग अडवतो.”

“आणि सोडतो काय?”

“दिसणार नाही असं काहीतरी. अगदी बारीक. तेवढं इकडून तिकडे गेलं की दिवा लागतो.” बाबांनी टब पुसून पुढे ओढला. “मी संन्यास घेण्याआधी मिठाच्या पाण्यापासून कॉस्टिक सोडा करायच्या कारखान्यात होतो. तिथेही पडदेच. निम्मा जन्म पडद्यांपाशी गेला. काय सोडतो ते मीसुद्धा कधी डोळ्यांनी बघितलं नाही.”

“कोरडा असला तरी सोडतो?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

“हे अमृतने पहिल्या दिवशी विचारलं होतं.”

“मग? काय सांगितलंत?”

“आण पाणी.”

मी गरम पाणी टबात ओतलं. बाबांनी पडदा दोन्ही हातांनी धरला आणि हळूच पाण्यावर सोडला.

तो वळवळला.

खरंच वळवळला. कडा वर आल्या, गुंडाळी झाली, पुन्हा उलगडली. मी मागे सरकलो. बाबांनी बोटांनी त्याला पाण्याखाली दाबला, आपण लहान मुलाला अंघोळीला धरतो तसा.

“आता बस,” ते म्हणाले.

“किती वेळ?”

“त्याला लागेल तेवढा.”

मला बसवेना. मी उठलो, खोलीत फिरलो. कोपऱ्यात सिमेंटचा हौद होता. त्यात पेटीच्या बाकीच्या चौकटी पडद्यांसकट बुडवून ठेवल्या होत्या. पाणी काठोकाठ.

“हे पाणी कोण घालतं?”

“दौलतराव. जाताना सांगून गेलो होतो, हौद आटू द्यायचा नाही.”

“का ते माहीत आहे त्यांना?”

“नाही. सांगायचं राहिलं.”

मी परत टबापाशी आलो. पडदा शांत झाला होता. पिवळेपणा होता तसाच, पण कडकपणा गेला होता. पाण्यात पाणीच दिसावं तसा दिसत होता. बाबा कधी पाणी बदलत होते, कधी नुसता हात घालून बघत होते. मीही हात घातला. साबणाच्या वडीसारखा बुळबुळीत लागला.

“काढ,” शेवटी बाबा म्हणाले. “ओढू नको. नुसता उचल.”

मी उचलला. चौकटीवर पसरला.

चौकटीच्या कडेला कड लागली.

 बाबांनी मूठभर बोल्ट माझ्या पुढ्यात ठेवले. एक उचलला, भोकावर धरला. दाबला नाही, नुसता सोडला.

बोल्ट आत गेला. टक.

दुसरा. टक.

तिसरा सोडला. तोही गेला. कोपऱ्यातला तेवढा अडेल असं वाटलं. तो तर सगळ्यात सहज गेला.

मी सगळे बोल्ट टाकले. एकही अडला नाही.

“आखूड नव्हता,” मी म्हणालो.

“नव्हता.”

“त्याला माहीत होतं, हा भिजला की वाढतो.”

“माहीत होतं. म्हणून भिजवून कापला.”

“आणि मी तो…”

“तू पुसलास,” बाबा म्हणाले. “आता पाण्यात ठेव परत. बोलत बसशील आणि पुन्हा वाळायचा.”

मी बोल्ट काढले. पडदा टबात ठेवला आणि टब मांडीवर घेऊन बसलो. खाली ठेववेना.

“मग तो खाली चालला कशाला होता? काम झालं होतं. माप बरोबर होतं. पाऊस, धुकं… कशाला निघाला?”

बाबांनी ओले हात पुसले.

“तिथे उभा राहिला,” त्यांनी दाराकडे बोट केलं. “गाडीची किल्ली बोटात फिरवत होता. म्हणाला, बाबा, पडदा भिजत ठेवलाय. भैऱ्याला घेऊन येतो.”

“मला?”

“म्हणाला, बोल्ट तोच आवळेल. माझ्या हातून एक बाजू जास्त दाबली जाते, मागचा पडदा तसाच फाटला. तो चाकाचे नट आवळतो ना, समोरासमोर, थोडा थोडा, तसा हात पाहिजे.” बाबा जरा हसले. “मी म्हटलं, मठाच्या बॅटरीला पंक्चरवाला? तर म्हणाला, तुम्हाला माझ्यासारखा संन्यासी मिळाला, त्याचं काय झालं बघितलंत ना. आता पंक्चरवाला बघा.”

दादाच बोलल्यासारखं वाटलं. तो असंच बोलायचा.

“म्हणजे माझ्यामुळं आला तो खाली.”

“तुझ्यामुळं नाही रे…”

बाबा थांबले.

“तुझ्याकडं.”

चुलीतलं लाकूड तडतडलं.

“बाबा, मग गाडी गेली ना? घातली नाही ना?”

“मी त्या वळणावर नव्हतो, भैऱ्या.” त्यांनी टबाकडे बघितलं. “भिजत ठेवून गेला होता. एवढं मला ठाऊक आहे.”

मी खाली बघितलं. टबातला पडदा दिसेना. सगळंच पाणी झालं.  मी टबावर वाकलो आणि एकदम फुटलो.

बाबांनी पुढे होऊन माझ्या मांडीवरचा टब उचलला. बाजूला ठेवला.

“इकडे रड,” ते म्हणाले. “मिठाचं पाणी त्याला चालत नाही.”

मी रडता रडता हसलो. मग परत रडलो. बाबांची भगवी छाटी हाताला आली, ती धरली. त्यांनी सोडवली नाही. वर बघितलं नाही मी, पण त्यांचाही श्वास नीट नव्हता.

दार वाजलं.

“बाबा? आत काय चाललंय? कडी का लावलीये?” दौलतराव होते.

“काढ कडी,” बाबा म्हणाले.

मी तोंड पुसलं आणि कडी काढली. दौलतराव माझ्याकडे बघून जरा मागे सरले. मग आत आले. मी काही न बोलता टबातला पडदा उचलला, त्यांच्यादेखत चौकटीवर पसरला आणि बोल्ट सोडले. टक. टक. टक.

दौलतराव वाकले. एका बोल्टावर बोट ठेवलं. काढलं. पुन्हा ठेवलं.

“हाच का तो?”

“हाच,” मी म्हणालो. पुढचं तोंडाशी आलं होतं. चार महिने साठवलेलं.

“दौलतराव,” बाबा मध्येच म्हणाले, “हौदाला पाणी तुम्ही घातलंत, म्हणून बाकीचे पडदे जिवंत आहेत.”

दौलतराव हौदाकडे बघत राहिले. मग टबाकडे. म्हातारा माणूस, त्याला सगळं तिथंच समजलं. तोंड एवढंसं झालं.

“मी…” ते म्हणाले. “मी उद्या खाली येतो. तुझ्या आईकडं.”

आणि मग म्हणाले, “चहा टाकतो.”

तोंडाशी आलं होतं ते मी गिळलं नाही. ते आपोआपच नाहीसं झालं.

आम्ही पेटी जुळवली. चौकट, पडदा, चौकट, पडदा. बाबा ओली चौकट हातात द्यायचे, मी बसवायचो. दादाचा पडदा मधोमध आला. मग मी पाना घेतला. आधी एका कोपऱ्यातला बोल्ट, थोडासा. मग त्याच्या समोरचा. मग दुसरे दोन. पुन्हा पहिला. चाक असंच बसवतात. घाई केली की एका अंगाला जातं. जन्मात मी फक्त याच कामात घाई केलेली नाही.

“हात बरा आहे,” बाबा म्हणाले.

“पंक्चरवाल्याचा आहे.”

“तेच म्हणतोय.”

पंप सुरू झाले. निळं पाणी एका बाजूने आत गेलं, हिरवं दुसऱ्या बाजूने. छपरावर ऊन होतं. बाबा म्हणाले, आता ऊन काम करील, तू पड. मी ओसरीवर पोतं टाकून आडवा झालो. पंपाची घरघर ऐकू येत होती. दादा गेल्यापासून मला धड झोप नव्हती. डोळा लागला की वळण दिसायचं. त्या दिवशी वळण आलं नाही. पंपच ऐकू येत राहिला.

उठलो तेव्हा ऊन कलून गेलं होतं. कुणीतरी माझ्या अंगावर घोंगडी टाकली होती. शेजारी चहा, वर बशी झाकलेली. थंड झाला होता. तसाच प्यालो. गोड होता.

आत गेलो. हिरव्या टाकीतलं पाणी जांभळं झालं होतं. दुसरीतलं पिवळं.

मी त्या टाक्यांच्या मध्ये बराच वेळ उभा राहिलो. दादा सांगायचा तसंच होतं.

“बघितलंस?” बाबांनी मागून विचारलं.

“बघितलं.”

त्यांनी बटण दाबलं. खोलीतला दिवा लागला. मग बाहेर सभामंडपातला. मग स्वयंपाकघरातला, तिथून दौलतरावांचं “लागला, लागला” ऐकू आलं.

बाबा पेटीपाशी खाली वाकले. मधल्या चौकटीच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब जमत होता. दादाच्या पडद्याच्या कडेला.

त्यांनी पाना माझ्याकडे दिला.

मी समोरचा बोल्ट हलकेच फिरवला. मग थेंबाजवळचा, अगदी किंचित. फडक्याने थेंब पुसला आणि वाट बघितली. दुसरा थेंब आला नाही.

त्या दिवशी दादासाठी आणि बाबांसाठी मी केलेलं शेवटचं काम ते.

पाना जाग्यावर ठेवला. दादाचा फोटो उचलला. पुठ्ठा नीट बसवला, मागे आता काही नव्हतं. घाटात अंधार पडायच्या आत घरी पोहोचायचं होतं. आईला सांगायचं होतं.

“येतो, बाबा.”

त्यांनी मान हलवली. ते पिवळ्या टाकीकडे बघत होते.

मी उंबरा ओलांडला आणि सवयीने कडीला हात घातला.

“कडी नको,” बाबा आतून म्हणाले. “दार नुसतं लोटून घे.”